मैत्रिणीची आयर्लंडमधली रहस्य-प्रेमकथा आलीय! प्रकाशनाचा बेत कसा करावा? (सल्ला हवा)

शेवंती_डोंबिवली

मंडळी, एक आनंदाची बातमी आणि चार अडचणी.

बातमी अशी, की माझी शाळेपासूनची मैत्रीण अकरा वर्षं गॉलवेत राहते, तिची पहिली कादंबरी छापून आली. मराठीत! कॉनेमाराच्या किनाऱ्यावरचं एक गाव, तिथे भाड्याच्या घरात उतरलेली पुण्याची पुरातत्त्ववाली मुलगी, दलदलीत सापडलेली एक वस्तू, आणि अख्ख्या गावाचा ज्याच्यावर संशय आहे असा एक मच्छीमार. प्रेम आहे, खूनही आहे. मी कच्चा मसुदा दोन रात्रींत संपवला आणि तिसऱ्या रात्री दिवा चालू ठेवून झोपले.

दिवाळीनंतरच्या शनिवारी, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी, आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये छोटं प्रकाशन करतोय. पस्तीसेक माणसं, बहुतेक आमच्या वाचनकट्ट्यातल्या बायका. मैत्रीण व्हिडिओवर असेल. आता अडचणी:

खायला काय ठेवू? निम्म्या जणी शाकाहारी. सजावट कशी? जाऊबाई हिरवे फुगे आणि आयरिश गोष्टींतल्या बुटक्यांच्या टोप्या म्हणताहेत, माझं मन घेत नाही. एक प्रकरण मोठ्याने वाचायचंय, त्यातली नावं कशी उच्चारायची? मुद्रितशोधकाने 'नीव्ह'चं दोनदा 'नीव' केलं होतं. आणि कट्ट्यातल्या ज्या बायकांनी हा प्रकार कधी वाचलेलाच नाही, त्यांना आधी काय वाचायला देऊ?

ताकपिठलं

अभिनंदन! खाण्याचं माझ्यावर सोड.

सोडा ब्रेड कर. आयर्लंडमधली घरगुती पाव म्हणजे हीच, आणि सगळं सामान आपल्या घरात असतं: पीठ, मीठ, खायचा सोडा, ताक. यीस्ट नाही, फुगायची वाट बघणं नाही. तिकडचा गहू मऊ, त्याला यीस्टने नीट उचललं जात नाही, म्हणून सोड्याची पाव रुजली असं वाचलंय. आपली कणीक त्यामानाने चिवट, तर निम्मा मैदा घाल.

साडेचारशे ग्रॅम पीठ, एक सपाट चमचा मीठ, एक सपाट चमचा सोडा (गुठळ्या मोडून चाळून घे, नाहीतर पिवळे डाग आणि कडू घास), साडेतीनशे ते चारशे मिली आंबट ताक. ताक जरा दाट हवं, आपण जेवणावर पितो तसलं पाणीदार नको. हाताने फक्त गोळा होईपर्यंत कालव. मळू नकोस. पोळ्यांची सवय असलेले हात इथेच घात करतात. गोल थापून वर सुरीने खोल फुली मार. २३० अंशांवर पंधरा मिनिटं, मग २०० वर अर्धा तास. खालून टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की झाली.

फुली का मारायची? शास्त्र सांगतं की मधला भाग नीट भाजतो. म्हाताऱ्या बाया सांगतात की आतल्या पऱ्यांना बाहेर पडायला वाट हवी. वाचनाच्या कार्यक्रमात दुसरं कारण सांग.

लिफीकाठी

डब्लिनहून लिहितोय, इथे नऊ वर्षं झाली.

हिरवे फुगे नकोत, ही कळकळीची विनंती. कोणी परदेशी माणूस मराठी कादंबरीच्या प्रकाशनाला डोक्यावर फेटा बांधून कमरेला प्लास्टिकची तलवार लावून आला तर जे वाटेल, ते.

तुमच्या मैत्रिणीने कॉनेमारा आणि दलदल घेतली आहे ना, मग सजावट तिथूनच उचला. इथली दलदल म्हणजे नुसता चिखल नव्हे. शेवाळ-गवत हजारो वर्षं पाण्याखाली अर्धवट कुजून दबत गेलं की त्याचं पीट होतं. ते विटांसारखं कापून, उन्हावाऱ्यात वाळवून चुलीत जाळायचे. त्याचा वास एकदा घेतला की विसरत नाही, शेणीच्या आणि ओल्या लाकडाच्या धुरामधला काहीतरी. त्या काळ्या मातीत हवा पोचत नाही आणि आम्लता जबर, त्यामुळे त्यात पडलेलं मढं सडत नाही, कातड्यासारखं कमावलं जातं. २००३ साली इथे असे दोन पुरुष सापडले, दोघेही दोन हजार वर्षांहून जुने, दोघांचाही घात झालेला. एकाची नखं नीट राखलेली. दुसऱ्याच्या केसांना राळेचा लेप, आणि ती राळ फ्रान्स किंवा स्पेनकडून आलेली. डब्लिनच्या किल्डेअर स्ट्रीटवरच्या संग्रहालयात आहेत. मी आईला घेऊन गेलो होतो. ती बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिली आणि म्हणाली, "कुणाचा तरी मुलगा होता रे."

सजावटीचं म्हणाल तर तपकिरी-करडी पोती, काळे दगड, दोन कंदील, लोकरीचे गुंडे. झालं कॉनेमारा. आणि हॉलमधले ट्यूबलाइट बंद करा हो.

व्हिडिओबद्दल सगळ्यात महत्त्वाचं: तुमचा कार्यक्रम शनिवारी आहे, त्याच रात्री इथली घड्याळं एक तास मागे जातात. शनिवारी फरक साडेचार तासांचा, रविवारी साडेपाचचा. कार्यक्रम एक दिवसही पुढे ढकललात तर घोळ होईल. त्यावर कडी म्हणजे, इथल्या उन्हाळी वेळेलाही आयएसटीच म्हणतात, आयरिश स्टँडर्ड टाइम. आमंत्रणात 'सहा वाजता आयएसटी' लिहू नका!

शेवंती_डोंबिवली

बाप रे. मी तिला शब्दशः 'सहा आयएसटी' असंच पाठवलं होतं. आत्ता विचारलं, तर बाईसाहेबांनी गॉलवेचे सहा धरलेत. म्हणजे आमचे रात्रीचे साडेदहा! वाचवलंत दादा.

अर्धवट_संशयी

कौतुकात मिठाचा खडा टाकतो, हलकेच घ्या.

प्रेमकथा आणि रहस्यकथा एकत्र केली की दोन्ही कच्च्या राहतात असा माझा अनुभव आहे. नायिका जिवाच्या भीतीने पळतेय आणि मध्येच नायकाच्या डोळ्यांचा रंग अर्धं पान. दुसरं, मराठी बाईने आयर्लंड कशाला लिहावं? कोकणात दलदल नाही की गावं गप्प बसत नाहीत?

पानगळ

संशयी, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. ती अकरा वर्षं तिथे राहतेय, तिने तिथलं नाही लिहायचं तर कुठलं?

पहिल्यावर मात्र बोलू. या प्रकारात प्रेम आणि भीती शेजारी-शेजारी ठेवलेली नसतात. ज्याच्यावर जीव जडतोय त्याच्यावरच संशय, इथे गोष्ट सुरू होते. 'हा खुनी आहे का' आणि 'हा माझा आहे का' हे एकच प्रश्न होतात. ते जमलं नाही की मग डोळ्यांचा रंग अर्धं पान, हे मान्य.

आयर्लंडला हे जुनंच आहे. ब्रॅम स्टोकर म्हटलं की सगळ्यांना काउंट ड्रॅक्युला आठवतो, पण त्याआधी १८९० मध्ये त्याने 'द स्नेक्स पास' लिहिली. त्याची आयर्लंडमध्ये घडणारी कादंबरी ही एवढीच. पश्चिम किनारा, सरकणारी दलदल, त्यात बुडालेला फ्रेंच खजिना, गावाला लुटणारा सावकार, आणि डोंगरावर फक्त आवाज ऐकून प्रेमात पडलेला पाहुणा. शेवंतीताईंच्या मैत्रिणीची पणजीच म्हणा ना. मधला भाग लांबण लावतो, भूगर्भाची व्याख्यानं आहेत, ती सरळ उलटा.

दुसरं, शेरिडन ले फानूची 'अंकल सायलस', १८६४. गोष्ट इंग्लंडमध्ये घडते, मग मी इथे का सांगतेय? कारण तिचं बीज त्याने १८३८ मध्ये लिहिलेल्या कथेत आहे आणि ती आयर्लंडमधली होती. पुढे लंडनच्या प्रकाशकाला इंग्लंडमधलं कथानक हवं होतं, म्हणून वाडा समुद्रापलीकडे हलवला. भिंती मात्र आयरिशच राहिल्या. अनाथ वारसदार मुलगी, काकाचा वाडा, आणि बंद खोली. काका म्हटल्यावर मराठी वाचकाला वेगळं काही सांगायला नको.

कट्ट्यातल्या नवख्या बायकांना आजचं काही हवं असेल तर नोरा रॉबर्ट्सची क्लेअर परगण्यातली तीन बहिणींची मालिका, १९९४ पासूनची. त्यातल्या दुसऱ्या भागात बहीण पाहुण्यांसाठी घर चालवते आणि तिच्याकडे उतरतो तो रहस्यकथा लिहिणारा लेखक. गोड आहे, भीती कमी. ज्यांना भीतीच हवी त्यांना टाना फ्रेंचची 'द सर्चर', २०२०. शिकागोचा निवृत्त पोलीस पश्चिम आयर्लंडमधल्या खेड्यात पडकं घर घेतो. प्रेमकथा म्हणून देऊ नका, शिव्या खाल. पण गाव कसं हसतखेळत धमकी देतं ते तिथे बघा.

अर्धवट_संशयी

ठीक. 'भिंती आयरिशच राहिल्या' आवडलं. स्टोकर वाचतो.

मालवणी_खाजा

ह्या धाग्यार अजून कोणी वराडकरांचा नाव कसा घेतला नाय? आमच्या मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या डॉक्टरांचा मुलगा लिओ वराडकर २०१७ मध्ये त्या देशाचा पंतप्रधान झाला. २०१९ च्या डिसेंबरात घरच्यांसोबत गावी येऊन गेला, अख्खा गाव रस्त्यावर. पंतप्रधानाला तिकडे 'टीशॉक' म्हणतात. बातम्या वाचणाऱ्यांनी त्या शब्दाचे काय काय हाल केले ते आठवतं ना?

तेव्हा कोकणाने आयर्लंडला पंतप्रधान दिला, आता डोंबिवली कादंबरी देतेय. माशाचं काही ठेवणार असाल तर मी येतो.

लिफीकाठी

अवांतर, पण कॉनेमारा आहे म्हणून: क्रिकेटवाल्या रणजितसिंहजींनी, नवानगरच्या जामसाहेबांनी, १९२४ मध्ये कॉनेमारातला बॅलिनाहिंच वाडा विकत घेतला होता. सामन मासे पकडायचा भारी शौक. १९३३ मध्ये वारले, तोवर उन्हाळ्यात तिथे येत. आता तिथे हॉटेल आहे. जवळच्या कायलमोर ॲबीत, म्हणजे मठात, ख्रिस्ती जोगिणी मुलींची शाळा चालवायच्या, तिथे त्यांच्या पुतण्या शिकल्या. मैत्रिणीला म्हणा, दुसरी कादंबरी इथेच बसलीय.

आता नावं. युक्ती एकच: आयरिशमध्ये 'बी'पुढे किंवा 'एम'पुढे 'एच' आला की बहुतेक वेळा त्याचा 'व' होतो. म्हणून एन-आय-ए-एम-एच लिहून 'नीव्ह'. एस-आय-ओ-बी-एच-ए-एन लिहून 'शिव्हॉन'. टी-ए-डी-एच-जी म्हणजे 'टायग'. ए-ओ-आय-एफ-ई म्हणजे 'ईफा'. उशीन, कीव्हा, असंच. इंग्रज या नावांपुढे रडतात. देवनागरीत मात्र जसं बोलतात तसं लिहून मोकळं होता येतं, त्या मुद्रितशोधकांनी हात लावला नाही तर.

पोलिसांना 'गार्डा' म्हणतात, अनेक असले की 'गार्डी'. गणवेशातल्या साध्या गार्डाकडे बंदूक नसते, हे मैत्रिणीला ठाऊक असणारच. हे फक्त प्रजासत्ताकात. उत्तर आयर्लंड ब्रिटनकडे, तिथले पोलीस वेगळे, तिथे पाउंड चालतो, इकडे युरो. सीमेवर कुंपण नाही. रहस्यकथेत माणूस इकडचा तिकडे कसा पसार होतो हा प्रश्न पडला तर त्याचं उत्तर एवढंच.

गवतीचहा

'गार्डी' वाचून माझ्या सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे नारायणरावांचे गारदी?" आता काकाही वर आलेच आहेत. ध चा मा झाला की कादंबरी तयार.

भेटवस्तूबद्दल कोणी बोललं नाही. क्लाडा अंगठी द्या. गॉलवेलाच क्लाडा नावाची कोळीवस्ती होती, तिथली. दोन हात, मध्ये हृदय, वर मुकुट: मैत्री, प्रेम, निष्ठा. घालायची पद्धत आहे: उजव्या हातात हृदयाचं टोक बाहेर म्हणजे मन मोकळं आहे, टोक मनगटाकडे वळलं की कोणीतरी आहे, डाव्या हातात आत वळलेली म्हणजे लग्न झालंय. मंगळसूत्राइतकीच बोलकी. मढ्याच्या बोटात अंगठी उलटी सापडली तर? मैत्रिणीला विचारा, वापरलंय का.

आणि गॉलवेसमोरच्या अरन बेटांवरच्या स्वेटरची ती गोष्ट, की बुडालेल्या कोळ्याचं प्रेत विणीवरून ओळखायचे आणि घराण्यागणिक वीण वेगळी. स्टेजवर सांगू नका. घराण्याची वीण ही विकणाऱ्यांनी रंगवलेली कथा. मूळ आहे १९०४ च्या एका नाटकात, आयरिश नाटककार जे. एम. सिंगच्या 'रायडर्स टु द सी'मध्ये. तिथे बहीण भावाला ओळखते ती मोज्यावरून, कारण विणताना तिचेच चार टाके सुटले होते. मला खोट्या कथेपेक्षा हे सुटलेले टाकेच जास्त लागतात.

पानगळ

+१ सुटलेल्या टाक्यांना.

पूर्वरंग_७१

थोडं गंभीर. कादंबरीत कॉन्व्हेंट किंवा जोगिणींचा उल्लेख आहे का? असेल तर वाचनाआधी दोन वाक्यं बोला. तिथे लग्नाशिवाय दिवस गेलेल्या आणि इतरही कितीतरी मुलींना जोगिणी चालवत त्या मॅग्डलिन धुलाईघरांत कोंडून फुकट राबवलं. शेवटचं बंद झालं १९९६ मध्ये. सरकारने जाहीर माफी मागितली २०१३ मध्ये. घटस्फोटाची बंदी उठली ती १९९५ च्या सार्वमताने, तेही अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर, काठावर. नवराबायको वेगळे राहताहेत, पण दुसरं लग्न करता येत नाही, आणि गावात सगळ्यांना ठाऊक असूनही कोणी बोलत नाही. तिकडच्या कादंब‍ऱ्यांतली रहस्यं हवेतून येत नाहीत. भुताखेताची गंमत म्हणून वाचू नका, एवढंच.

शेवंती_डोंबिवली

पूर्वरंग, आहे. एक म्हातारी पात्र आहे जी कधीच पांढऱ्या चादरी वाळत घालत नाही. मी तो तपशील वाचून पुढे गेले होते. आत्ता कळलं का ते. मैत्रिणीला फोन केला, ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "कोणाच्या तरी लक्षात आलं."

तेच प्रकरण वाचायचं ठरवलं.

ताकपिठलं

चहाही त्यांच्यासारखा कडक कर, दूध घालून, दुधाळ नाही. आणि हॅलोविन जवळच आहे, तर बार्मब्रॅक कर: काळ्या मनुका-बेदाणे रात्रभर कोऱ्या चहात भिजवून केलेली गोड पाव. तिच्यात बटरपेपरात गुंडाळून अंगठी लपवतात. जिच्या वाट्याला येईल तिचं वर्षात लग्न. पूर्वी नाणं, चिंधी, काडीही घालायचे. नाणं मिळालं तर पैसा, चिंधी मिळाली तर गरिबी, काडी मिळाली तर नवऱ्याशी पटायचं नाही. काडी नको घालूस, पस्तीस बायकांत कोणाला ना कोणाला लागेल आणि मग कार्यक्रम भलतीकडे जाईल. दात सांभाळा असं आधी सांग.

बिनधास्त_बकुळ

काडी घालाच!! सगळ्यांनाच मिळू दे.

शेवंती_डोंबिवली

वृत्तांत.

सोडा ब्रेड: पहिल्या दोन दगड. मळल्या मी, सांगूनही. तिसरी झकास, लसणीच्या लोण्याबरोबर दहा मिनिटांत संपली. तिकडे असं खात नाहीत ठाऊक आहे, पण डोंबिवलीत खातात.

हॉलमध्ये पोती, कंदील, कुंडीतले काळे दगड. जाऊबाईंनी शेवटी एक हिरवा फुगा लावलाच, दाराच्या मागे. वाचन चालू असताना लाइट गेली. लोकांना वाटलं मीच केलं. तसंच पुढे वाचत राहिले, कंदिलावर, चादरींचं पान. नीव्ह, टायग, शिव्हॉन सगळ्यांची नावं नीट आली. मैत्रीण फोनच्या पडद्यावर, तिच्याकडे दुपारचा दीड, बाहेर पाऊस. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, मग एकदम सगळ्यांनी वाजवल्या. चाळीस प्रती आणल्या होत्या, तीन उरल्या.

अंगठी कोणाला मिळाली? चौऱ्याहत्तर वर्षांच्या लेलेआजींना. त्यांनी ती काढून पुसली, बोटात घातली, टोक बाहेर. "आता वर्षभर मला कोणी विचारू नका," म्हणाल्या.

आणि हो, आजींनी पुस्तक तिथेच कोपऱ्यात बसून शेवटून वाचायला घेतलं. खुनी कोण ते त्यांना ठाऊक आहे. काल जिन्यात सात जणींनी अडवलं. त्या नुसत्या हसतात आणि भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतात.

लिफीकाठी

अस्सल गॉलवेच्या निघाल्या आजी. एक प्रत डब्लिनला पाठवाल का? पोस्टाचा खर्च मी देतो.